मंगळवारच्या उल्का

नभांगण मंडळाच्या फळ्यावर हंबीररावांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: 'बुधवार, १८ नोव्हेंबर १९९८, पहाटे. सिंह राशीतून उल्कांचा वर्षाव. असा योग तेहतीस वर्षांनी. पन्हाळ्यावर सामुदायिक निरीक्षण.' आणि खाली, वेगळ्या रंगाच्या खडूने: 'महिला सभासदांनी घरूनच निरीक्षण करावे.'

मंडळात महिला सभासद एकच होती. तेव्हा फळा खराब करण्यापेक्षा चिठ्ठी लिहून हातात दिली असती तरी भागलं असतं, असं अक्षताला वाटलं.

"घरून म्हणजे कुठून, सर?" तिने विचारलं. "आमच्या दारात रस्त्याचा दिवा आहे. त्याच्या उजेडात रात्री बारा वाजता पोरं क्रिकेट खेळतात."

हंबीरराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. कोल्हापुरातली सहा इंची दुर्बीण त्यांची होती, म्हणून मंडळही त्यांचंच होतं. ते म्हणाले, "रात्रभर डोंगरावर राहायचंय. चाळीस माणसं आहेत, सगळी पुरुष. तुझी जबाबदारी कोणी घ्यायची? उद्या तुझे वडील येऊन मला विचारतील."

"वडिलांना मीच विचारते," अक्षता म्हणाली. निघताना तिने मृत्युंजयकडून जर्मनीतल्या उल्का-निरीक्षकांच्या संस्थेकडून आलेल्या निरीक्षण-तक्त्याची झेरॉक्स मागून घेतली. मृत्युंजय मंडळाचा चिटणीस. त्याच्या वडिलांचं शाहूपुरीत गुळाचं दुकान होतं आणि मंडळाच्या बैठका त्या दुकानाच्या माडीवर भरत. फळा, दुर्बीण, ताऱ्यांचे नकाशे, सगळ्याला गुळाचा वास.

तिचे वडील धम्मपाल उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत भट्टीवर होते. बावीस वर्षं वितळलेल्या लोखंडासमोर उभं राहून त्यांच्या भुवया कधीच नीट वाढल्या नव्हत्या. त्यांनी मुलीचं सगळं ऐकून घेतलं आणि बोटांवर वार मोजले.

"मंगळवारी रात्री मला तिसरी पाळी हाय. सोमवारी सुट्टी. सोमवारी रात्री चल की कळंब्याला. आकाश काय मंगळवारीच उघडतंय व्हय?"

"अण्णा, गणिताने बुधवारी पहाटे सव्वा वाजता सर्वांत जास्त पडणार आहेत."

"मग सोमवारी सराव करू."

अक्षता हसली, पण रात्री तक्ता भरायच्या सूचना वाचताना तिला ते पटत गेलं. वर्षाव किती मोठा होता हे सांगायचं तर त्याच्या आदल्या रात्री काय होतं तेही कुणीतरी पाहिलेलं हवं. कोरी रात्रसुद्धा नोंदच असते. ती नुकतीच भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाली होती आणि प्रयोगवहीत शून्य आलं तर शून्य लिहायचं, ही एक गोष्ट तिने कॉलेजातून पक्की उचलली होती. शिवाय सोमवारी उद्यमनगर बंद. धूर नाही, म्हणजे आकाश जरा स्वच्छ.

अडचण मोजण्याची होती. अंधारात कागदाकडे पाहिलं की तेवढ्यात एखादी उल्का निसटते. ती स्वतः मांडीवरच्या पुठ्ठ्यावर न बघता रेघा ओढणार होती, पण अण्णांना ते जमेना. त्यांच्या रेघा एकीवर एक चढत. शेवटी मीनाबाईंनी, तिच्या आईने, ब्लाऊजच्या उरलेल्या कापडाच्या नऊ छोट्या पिशव्या शिवल्या आणि खिसाभर चिंचोके दिले. एक उल्का, एक चिंचोका. दर पाव तासाला नवी पिशवी.

"चिंचोके घेऊन चाललाय, लोक इचारतील काय खेळताय म्हणून," आई म्हणाली.

"सांगायचं, लेक बापाला मोजायला शिकीवती," धम्मपाल म्हणाले आणि त्यांनी लुनाला किक मारली.

कळंबा तलावाच्या बांधावर ते अडीचला पोचले. दोन घोंगडी पसरली. अक्षता सिंहाकडे, म्हणजे पूर्वेकडे पाय करून आडवी झाली. वडिलांना तिने पश्चिमेकडे तोंड करून झोपवलं. सिंहाच्या डोक्याचा, मघांचा कोयता चांगला वर आला होता. दक्षिणेला व्याध झळकत होता. रेडिओवरच्या टिकटिकीला तिने घड्याळ लावून आणलं होतं. पलीकडे जेलचे तीनचे टोल पडले, तेव्हा तिने घड्याळात पाहिलं. टोल अकरा सेकंद उशिरा होते.

"सुरू," ती म्हणाली.

पहिली दहा मिनिटं ती सरावाच्याच मनाने पडून होती. मग मागून, अण्णांच्या बाजूने, "आयला!" असा आवाज आला आणि त्याच क्षणी तलावाचं पाणी उजळलं. बांधावरच्या बाभळीची सावली तिच्या घोंगड्यावर पडली, सरकली आणि विझली.

"अण्णा, किती मोठी होती?"

"लेडलमधनं वितळल्या लोखंडाची धार सुटावी तशी. अजून धूर हाय बघ तिथं."

तिने मान वळवली. कृत्तिकांच्या खाली एक पांढुरका पट्टा लोंबत होता. तो हळूहळू वाकडा होत गेला आणि साडेतीन मिनिटांनी दिसेनासा झाला. तेवढ्या वेळात तिच्या पुठ्ठ्यावर आणखी सहा रेघा वाढल्या.

पुढचे दोन तास थांबायला जागाच मिळाली नाही. उल्का येत होत्या त्या बारीक, हळदीच्या रेघेसारख्या नव्हत्या. बहुतेक शुक्राएवढ्या, काही त्याहून तेजस्वी. मघांच्या कोयत्यातून निघाल्यासारख्या सगळीकडे फाकत होत्या. धम्मपाल भट्टीचा रंग सांगावा तसा प्रत्येकीचा रंग सांगत होते. "ही पिवळी, अजून तापायची हाय. ही पांढरी, वतायला तयार. ही हिरवी गं. तांबं हाय ह्यात."

"तांबं लिहू नका, अण्णा. हिरवी एवढंच."

"मी कुठं लिवतोय? चिंचोका टाकला."

पाचच्या सुमारास पूर्वेला चंद्राची नखाएवढी कोर आली. सव्वापाचला तिने "थांबा" म्हटलं, तरी दोघं उठले नाहीत. आकाश पांढरं होईपर्यंत उल्का पडतच होत्या. पण त्या नोंदीत नाहीत. वेळ संपली होती.

घरी येऊन तिने मोजलं. तिच्या रेघा दोनशे तीन. अण्णांचे चिंचोके एकशे एकतीस. एवढा फरक का, हे तिला कळेना. पश्चिमेला कमी पडल्या असतील, असं तिने धरलं. तरी वहीत त्यापुढे एक प्रश्नचिन्ह काढलं.

दुपारी ती धावत शाहूपुरीत गेली. हंबीरराव माडीवर सामान बांधत होते: थर्मास, बॅटऱ्या, दुर्बिणीची तिपाई. तिने सगळं सांगितलं. ते हसले.

"रंगीत तालीम बघून आलीस. खरं नाटक आज आहे."

"सर, वर्षाव गणिताच्या आधीच आला असेल तर?"

"जगभरचे शास्त्रज्ञ एक सांगतात आणि कळंब्याच्या बांधावरून तू एक सांगतेस." ते हे तुच्छतेने म्हणाले नाहीत, उत्साहात म्हणाले. "पोरी, मागच्या वेळी, सहासष्ट साली, मी चंदगडला नोकरीत होतो. रात्रभर ढग. तेव्हापासून या रात्रीची वाट बघतोय."

त्या रात्री पन्हाळ्यावर चाळीस माणसं आणि एका वर्तमानपत्राचा वार्ताहर कुडकुडत बसले. तीननंतर धुकं आलं. सकाळपर्यंत मंडळाने एक्केचाळीस उल्का मोजल्या, त्याही बारीक. वार्ताहराने चौकटीत बातमी दिली: 'ताऱ्यांच्या पावसाची हुलकावणी.'

रविवारी बैठक होती. धम्मपाल तिला सोडायला आले आणि खाली लुनापाशी थांबले. अक्षताने दोन तक्ते टेबलावर ठेवले, एक स्वतःचा, एक अण्णांचा. हंबीररावांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले. मग मृत्युंजयकडे बघून म्हणाले, "दार लोटून घे."

माडीवर पाच-सहा जण होते.

"आकडे चांगले आहेत," हंबीरराव म्हणाले. "फक्त तारीख चुकलीय. सतरा लिहिलंयस."

"सतराच होती, सर. मंगळवारची पहाट."

"रात्री जागलं की वार चुकतो. आपल्याकडे उजाडेपर्यंत आदलाच दिवस धरतात. बुधवारची पहाट तू मंगळवार धरलीस."

"म्हणून तर मी दोन्ही तारखा लिहिल्यात, सोळा आणि सतरा. मंगळवारी दुपारी, तुम्ही पन्हाळ्याला निघायच्या आधी, इथेच येऊन तुम्हाला सांगितलं होतं. आणि बुधवारी पहाटे अण्णा भट्टीवर होते. मला बांधावर कोण नेणार होतं? मंडळाची गाडी?"

कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. हंबीररावांनी कागद सरळ केले.

"हे बघ. अहवाल मंडळाच्या नावाने जर्मनीला जायचाय. मंगळवारी एवढ्या उल्का आणि बुधवारी, शास्त्रज्ञांनी सांगितलेल्या दिवशी, एक्केचाळीस. असं आपण पाठवलं तर ते म्हणतील, यांना कॅलेंडर कळत नाही. त्यापेक्षा एकच तक्ता करू. अठरा तारीख, पन्हाळा, गट-निरीक्षण. तुझे आकडे, आमचे आकडे, एकत्र. निरीक्षकांत तुझं नाव सगळ्यात वर."

अक्षताला वाटलं होतं ते विश्वास ठेवणार नाहीत. त्यांनी विश्वास ठेवला होता. आकड्यांवर होता, फक्त ते त्यांना स्वतःच्या रात्रीत हवे होते.

"मी पन्हाळ्याला नव्हतेच, सर."

"त्याने काय होतं?"

"फळ्यावर अजून तुमचं अक्षर आहे. महिला सभासद घरी होत्या."

सगळ्यांनी फळ्याकडे पाहिलं. पुसायचा राहिला होता. मृत्युंजय उठला आणि फडकं शोधू लागला. हंबीरराव म्हणाले, "बस रे तू." मग तिच्याकडे वळून, आवाज चढवून, "साक्षीदार कोण आहे तुझा? बाप आणि लेक! त्यात तो भट्टीवरचा माणूस, त्याला उल्का कशाशी खातात ठाऊक आहे का?"

"त्यांनाच विचारा. खाली आहेत."

धम्मपाल वर आले. चपला दाराबाहेर काढल्या, खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"काय हो, एकशे एकतीस तुम्ही मोजल्या?" हंबीररावांनी विचारलं.

"व्हय, सायेब."

"सगळ्या? एकही जास्तीची नाही?"

"जास्तीची न्हाय. कमीच हाईत की." धम्मपालांनी मान खाजवली. "फुटलेल्या मी धरल्याच न्हाईत."

"फुटलेल्या म्हणजे?"

"मधीच तुकडं झालेल्या. काय निस्त्या चमकून इझलेल्या. फौंड्रीत तडकलेला, अर्धा वतलेला माल मोजत न्हाईत, सायेब. तो परत भट्टीत जातोय. म्हटलं, सगळीकडं तसंच असंल."

अक्षता वडिलांकडे बघतच राहिली. वहीतल्या प्रश्नचिन्हाचं उत्तर सहा दिवस तिच्याच घरात जेवत होतं. तिने त्यांना सगळं समजावलं होतं: दिशा, पिशव्या, पाव तास. 'उल्का' कशाला म्हणायचं, तेवढं सांगायचं राहून गेलं होतं.

"अगं, मग वाढव की!" मृत्युंजय उत्साहाने म्हणाला. "सत्तर-ऐंशी तरी फुटलेल्या असतील."

"असतील. मोजलेल्या नाहीत," ती म्हणाली.

तेवढ्यात मृत्युंजयची आई नीलम्मा चहाचा ट्रे घेऊन वर आल्या. दार लोटलेलं असलं तरी माडीची फळी पातळ होती. त्यांनी सगळं ऐकलं असावं. कप ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "मंगळवारी पहाटे म्हणता? मी पण बघितलं की."

"काय बघितलंत, वहिनी?"

"दारात सडा घालत होते. सोमवारी दुकान बंद, म्हणून कचरा साठलेला. रोजच्यापेक्षा लवकर उठलेले. एकदम दिवस उजाडल्यागत झालं. माझी सावली भिंतीवर. वर बघते तर आकाशात आग. मग परत एक. बादली सोडून शिव शिव म्हणत आत पळाले."

"विमान असेल, वहिनी."

"कोल्हापुरात विमान?" नीलम्मांनी ट्रे टेबलावर आपटला. "पहाटे पाचला? आणि एकामागनं एक?"

"अव्वा, मला का नाही सांगितलंस?" मृत्युंजयने विचारलं.

"तूच तर आठ दिवस घरभर सांगत होतास, बुधवारी, बुधवारी म्हणून. म्हटलं, बुधवारचं मंगळवारी कसं पडेल? मलाच भास झाला असेल."

हंबीररावांनी चहाचा कप उचलला, न पिता खाली ठेवला. क्षणभर ते वयापेक्षा म्हातारे दिसले. "आणखी तेहतीस वर्षांनी मी नसेन," ते कुणाकडेही न बघता म्हणाले.

अक्षताला त्यांची दया आली. ती दया खरी होती. आणि तरीही तिने दोन्ही तक्ते टेबलावरून उचलून घेतले.

"मंडळाचा शिक्का मिळणार नाही त्याला," हंबीरराव म्हणाले.

"शिक्क्याला जागाच नाहीये, सर. मी तक्ता चारदा वाचलाय. साक्षीदाराचाही रकाना नाही. निरीक्षकाचं नाव, ठिकाण, वेळ आणि सही. बास."

जिना उतरताना धम्मपाल हळू आवाजात म्हणाले, "आक्षे, माझ्या चुकीनं कमी पडलं गं. दोनशे लिव. खोटं न्हाय त्यात."

"अण्णा, त्यांनी तारीख बदला म्हटलं, तुम्ही आकडा बदला म्हणताय."

ते एक पायरी थांबले. मग म्हणाले, "तसं न्हाय लिवायचं. बरोबर हाय तुझं."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे सोमवारी, दोघं पोस्टात गेले. तिथल्या उतरत्या टेबलावर तिने वडिलांचा तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. शेऱ्याच्या जागी तिने इंग्रजीत लिहिलं होतं, 'फुटलेल्या आणि क्षणभर चमकलेल्या उल्का या निरीक्षकाने मोजलेल्या नाहीत.' तिने ते मराठीत वाचून दाखवलं. धम्मपालांनी पेन घेतलं आणि पगाराच्या दिवशी करत तशी सावकाश, सगळी अक्षरं जोडून सही केली. पाकीट खिडकीतून आत गेलं.

पण गप्प बसणं तिला जमेना. पुढच्या रविवारी तिने तक्त्यांची झेरॉक्स मंडळाच्या सूचनाफलकावर टाचणीने लावली. हंबीररावांनी काढली. त्याच्या पुढच्या रविवारी तिने पुन्हा लावली. पुन्हा काढली गेली. तिसऱ्या रविवारी टाचण्यांची डबीच नव्हती. तिने पर्समधून स्वतःच्या चार टाचण्या काढल्या. चौथ्या रविवारी ती पोचायच्या आतच झेरॉक्स फलकावर होती. लावणाऱ्याने बोटं पुसली नव्हती. कोपऱ्यावर ओल्या शेणाचा ठसा होता. नीलम्मांचा सडा तेव्हा नुकताच झाला होता. हंबीररावांनी तो कागद पाहिला आणि हात लावला नाही.

फेब्रुवारीत जर्मनीहून पातळ पत्रिका आली. मंडळाच्या नव्हे, अक्षताच्या नावाने. मधल्या पानावर आलेख होता. सगळ्या जगातून आलेल्या नोंदी ठिपक्यांनी मांडलेल्या. अठरा तारखेपाशी एक टेंगूळ होतं. सतरा तारखेपाशी डोंगर. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत निरीक्षकांची नावं होती. भिंग लावून तिला दोन्ही सापडली.

रविवारी तिने पत्रिका हंबीररावांसमोर उघडून ठेवली. ते बराच वेळ डोंगरावर बोट ठेवून बसले. आधी चढणीवरून, मग उतरणीवरून बोट फिरवलं. नावांच्या पानावर धम्मपालांच्या नावापाशी ते थांबले. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "जोर अजून ओसरलेला नाही म्हणतात. यंदा पुन्हा आहे. नोव्हेंबरात. गाडीत तुझी जागा धरतो."

"अण्णांची?"

हंबीररावांनी चष्म्याची काच धोतराच्या सोग्याला पुसली. "बघू."

"बघा," अक्षता म्हणाली. ती उठली, फळ्यापाशी गेली आणि खडू उचलला. वळणदार अक्षर तिला कधीच आलं नाही. पण प्रयोगवहीत लिहावं तसं सुटं, स्वच्छ लिहिलं: 'नोव्हेंबर १९९९. सोळा ते वीस, पाचही पहाटा. कळंबा तलावाचा बांध. घोंगडं आपापलं आणावं. फुटलेल्या उल्काही मोजाव्यात.'

थोडी जागा उरली होती. तिने वेगळ्या रंगाचा खडू घेतला आणि खाली लिहिलं:

'कुणीही घरून निरीक्षण करू नये.'